कुळवावरचा भार

आमच्या शेडमध्ये हवा मोजायचे दोन गेज आहेत. एक ट्रॅक्टरचा, त्याचे आकडे १० पासून सुरू होतात. दुसरा तळहातावर मावेल एवढा, पत्र्याच्या डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवलेला. त्याचे आकडे १० ला संपतात. तो क्वाडचा, म्हणजे शेतात फिरायच्या चारचाकी मोटरसायकलीचा. क्वाडच्या टायरात हवा असते चार-पाच पीएसआय. सायकलच्या चाकात आपण दम लागेपर्यंत जी हवा भरतो, तिच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढी. अंगठ्यानं दाबलं तरी टायर आत जातो. त्या मऊ चाकांवर मी चार वर्षं रोज पहाटे बसत होतो, पण तो लहान गेज पहिल्यांदा हातात घेतला तो गेल्या मार्चमध्ये, शर्यतीच्या आदल्या रात्री.

मी मूळचा आटपाडी तालुक्यातला, माणदेशचा. आता राहतो न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पार खालच्या टोकाला, साउथलँडमध्ये. गोर आणि विंटन या दोन गावांच्या मधे होकोनुईचे डोंगर आहेत. फार उंच नाहीत, पण पावसानं सतत भिजलेले. त्यांच्या पायथ्याला एका डेअरीवर मी गाई सांभाळतो. एके काळी हा सगळा मुलूख मेंढ्यांचा. गेल्या तीसेक वर्षांत एकेका शेतावर मेंढ्या गेल्या आणि गाई आल्या. डोंगराच्या चढावर मात्र अजून मेंढ्याच आहेत. आमच्याकडे सहाशे गाई, ५० गाई एका वेळी उभ्या राहतात असं गोल फिरणारं दूध काढायचं शेड, आणि पहाटे सव्वाचारला अंधारात गाई आणायला जाणारा मी. अंगाखाली क्वाड.

आपल्याकडे बहुतेकांनी क्वाड पाहिलेली असते ती लोणावळ्याला, नाहीतर अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर. पैसे द्यायचे, एक चक्कर मारायची, फोटो काढायचा. इथं ती बैल आहे. पुढच्या कॅरिअरवर विजेच्या तारेची रिळं, मागच्या कॅरिअरवर कुंपणाच्या काठ्यांचा भारा, कधी औषधाची टाकी, वेताच्या दिवसांत नुकतं जन्मलेलं ओलं वासरू. मागं लहान ट्रेलर जोडला की खताच्या पिशव्या. मेंढ्यांच्या डोंगरावर मागच्या कॅरिअरवर कुत्री उभी असतात, वळणावर आपोआप तोल सावरत. गाडी चारही चाकांनी ओढते, वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास, गॅस उजव्या हाताच्या अंगठ्यानं दाबायचा. क्लचचा लिव्हर नाही, पण गिअर पायानं टाकायचे. गाईंच्या मागं चालताना ती पहिल्या गिअरात, माणसाच्या चालीनं जाते. वर्षातले दहा महिने तिचा वेग तेवढाच.

या जनावराचा इतिहासही फार जुना नाही. १९७० साली होंडानं अमेरिकेत फुग्यासारख्या चाकांची तीनचाकी विकायला काढली. तिला स्प्रिंग नव्हते. जो काही झटका सोसायचा तो टायरांनीच. मौजेसाठी निघालेली ती गाडी शेतकऱ्यांनी कामाला जुंपली. पण तीन चाकांवर वळणं म्हणजे उलटण्याला आवतण. माणसं, त्यातही लहान मुलं इतकी दगावली, की १९८८ मध्ये अमेरिकन सरकार आणि कंपन्या यांच्यात न्यायालयामार्फत करार होऊन नव्या तीनचाकींची विक्री बंद झाली. तोवर चारचाकी आलेली होतीच, आणि १९८६ मध्ये होंडाची चारही चाकांनी ओढणारी आली. तिथून पुढं न्यूझीलंडच्या डोंगरांवरचा घोडा हळूहळू कमी झाला. ज्या जमिनीवर पायी जायला अर्धा दिवस लागायचा, तिथं माणूस न्याहारीआधी जाऊन येऊ लागला. आणि मरूही लागला. इथल्या शेतांवर काम करताना ज्या यंत्रांखाली माणसं जातात, त्यांत क्वाडचं नाव कायम वरचं असतं.

मीही एकदा खाली गेलो होतो.

दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. इथला तो वसंत. वरच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या कुरणात, काटेरी थिसल माजलं होतं, म्हणून मागच्या कॅरिअरवर ६० लिटरची टाकी बांधून मी औषध मारत निघालो. टाकी अर्धी झाली होती. उतार आडवा, म्हणजे उजव्या हाताला डोंगर आणि डाव्या हाताला दरड. वेग चालीचा. टाकी भरलेली असती तर पाणी जागेवर राहिलं असतं, रिकामी असती तर प्रश्नच नव्हता. अर्धी टाकी ही सगळ्यांत वाईट, कारण चाक खड्ड्यात गेलं की आतलं पाणी त्याच बाजूला धावतं आणि गाडीला वरून ढकलतं. डावं पुढचं चाक गवताखालच्या एका खड्ड्यात गेलं. मी हँडल घट्ट धरून सीटवर बसून राहिलो. एवढंच आठवतं, की मी बसून राहिलो. मग आभाळ, मग गवत, मग पायावर काहीतरी जड.

मागच्या बाजूला केसातल्या आकड्यासारखी वाकवलेली एक पोलादी कमान बसवलेली होती, तिनं गाडी पूर्ण पालथी होऊ दिली नाही. कमान आणि जमीन यांच्यामधे जी जागा उरली तिच्यात मी होतो. घोट्याला इजा, बाकी काही नाही. शेजारच्या ऑस्ट्रेलियात ११ ऑक्टोबर २०२१ पासून शेतकामाची नवी क्वाड विकायची तर अशी कमान सोबत असलीच पाहिजे असा कायदा आहे. त्यापायी काही मोठ्या कंपन्यांनी तिथं क्वाड विकणंच थांबवलं. इथं न्यूझीलंडमध्ये सरकार शिफारस करतं, सक्ती करत नाही. माझं याबाबतीत ठाम मत आहे: सक्ती व्हायला हवी. तो पोलादी आकडा नसता तर हे लिहायला मी नसतो.

घोटा दीड महिन्यात बरा झाला. पण त्या उतारावर मी पुन्हा गाडी घातली नाही. वरच्या पॅडॉकला जायचं तर खाली गाडी लावायची आणि चालत चढायचं. रिळं खांद्यावर, काठ्या काखेत. मालक समजूतदार, काही बोलला नाही. सपाटीवर मी आणखी हळू चालवू लागलो. हळू म्हणजे सुखरूप असं मला वाटायचं. उलटलो तेव्हा मी हळूच चालवत होतो, हे मात्र मी मनाला विचारतच नव्हतो.

ते विचारलं शेजारच्या गृहस्थांनी. आमच्या वरच्या अंगाला त्यांच्या मेंढ्या आहेत. साठी ओलांडलेली, कान थंडीनं कायम लाल, बोलणं अगदी मोजकं. मी खांद्यावर रिळं घेऊन चढतोय हे त्यांनी कुंपणापलीकडून किती दिवस पाहिलं असेल कोण जाणे. एक दिवस त्यांनी क्वाड थांबवली आणि म्हणाले, "तू बसतोस. त्यावर बसायचं नसतं." एवढंच. मग जाता जाता, "मार्चमध्ये शाळेसाठी शर्यत आहे. ये."

इथल्या खेड्यांतल्या शाळा लहान असतात आणि पैसे उभे करायला गावाला हाताशी धरतात. कुणाच्या तरी शेतावर आणि जंगलात मार्ग आखायचा, मोटरसायकली आणि क्वाड बोलवायच्या, नावनोंदणीचे पैसे शाळेला. पालक चहा करतात, पावात सॉसेज घालून विकतात. आमच्या इथलीही तशीच. सकाळी मोटरसायकली, दुपारी क्वाड. क्वाडमध्ये दोन वर्ग. एक स्पोर्टचा: हलक्या, बुटक्या, रुंद, साखळीवर चालणाऱ्या, फक्त मागच्या दोन चाकांनी ढकलणाऱ्या, शर्यतीसाठीच जन्मलेल्या गाड्या. दुसरा युटिलिटीचा, म्हणजे आमच्या बैलांचा.

शेताची गाडी शर्यतीत घातली तर विमा लागू होत नाही. म्हणून मालकाकडची एक जुनी क्वाड, जी नवी आल्यावर शेडच्या मागं उभीच होती, ती मी विकत घेतली. घरी ही रागावली. रागावणं बरोबर होतं. घोटा सुजलेला असताना सहा आठवडे माझ्या पायावर बर्फ ठेवणारी तीच. मी तिला म्हणालो, "रोज तिच्यावर बसायचंच आहे. भीत बसायचं की शिकून, एवढंच आहे." तिनं उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यासाठी चांगलं हेल्मेट मागवलं.

गावी वडिलांना, म्हणजे अण्णांना, फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "कामाचं जनावर शर्यतीला काढायचं न्हाई."

हे त्यांचं जुनं मत. आमच्याकडं खिलार बैल. खरसुंडीच्या जत्रेत त्यांचा बाजार भरतो. शर्यतीचा खोंड वेगळा आणि औताचा बैल वेगळा, असं अण्णा मानायचे. शर्यतीवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी दिली, २०२३ मध्ये कायदा मान्य केला. या सगळ्या काळात गावात केवढी चर्चा झाली, पण अण्णांचं वाक्य बदललं नाही. ज्याच्याकडून वर्षभर पोट भरतं, त्याला घटकाभराच्या ईर्ष्येसाठी पळवायचं नाही. मी म्हणालो, "अण्णा, हे लोखंड हाय." ते म्हणाले, "तू त्यावर बसतोस न्हवं? मग?"

शर्यतीच्या आदल्या रात्री दूध काढून झाल्यावर मी गाडी उजेडात घेतली. रिळांचे आकडे काढले, टाकीचे पट्टे काढले, मागची ट्रेलरची कडी काढली. कमान राहू दिली. आयोजकांनी ते ज्याच्या त्याच्यावर सोपवलं होतं. मग उगाच एक चक्कर मारून पाहिली आणि चकित झालो. गाडी ओळखूच येईना. शेतकामाच्या क्वाडचे मागचे स्प्रिंग ओझ्यासाठी बनवलेले, कडक. चार वर्षांत मी ती मागं काही न बांधता कधी चालवलीच नव्हती. ओझं उतरल्यावर मागची बाजू प्रत्येक ढेकळावर उडू लागली. शेजारच्यांना फोन केला. ते म्हणाले, "टायरात थोडी हवा जास्त घाल, जंगलात मुळं आहेत. आणि मागचं ओझं आता तूच."

मग मी तो लहान गेज डब्यातून काढला. अर्ध्या पीएसआयचा फरक हातानं कळत नाही, पण वाकून चालवून पाहिलं की कळतो. चार ठेवले तर चाक जमिनीला मिठी मारतं, पण मुळावर आपटून रिम लागते. सात भरले तर गाडी चेंडूसारखी उसळते. साडेपाचवर थांबलो. त्या रात्री मी पहिल्यांदा त्या गाडीशी बोललो असं म्हणता येईल.

पहाटे नेहमीसारखं दूध काढलं. सहाशे गाई शर्यतीसाठी थांबत नाहीत. संध्याकाळच्या पाळीला बदली माणूस ठरवला आणि दुपारी दीडला आम्ही रांगेत उभे राहिलो. युटिलिटीच्या वर्गात सात गाड्या. शेजारचे गृहस्थ, दोन मेंढपाळ, शेतांवर औषधं मारायचं कंत्राट घेणारी एक बाई, कुंपणं घालणारे बापलेक, आणि मी. आमच्या पुढं स्पोर्टवाले. तपासणीत प्रत्येकाच्या मनगटाला एक दोरी बांधलेली आहे ना हे पाहिलं गेलं. तिचं दुसरं टोक गाडीच्या बटणाला. माणूस गाडीवरून फेकला गेला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं. शेतावर ही दोरी कुणी वापरत नाही. का नाही वापरत, याचं मला तिथं उभ्या उभ्या आश्चर्य वाटलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या शेतावरच्या दोन्ही गाड्यांना मी ती लावली.

सुरुवात बंद इंजिनानं होते. सगळे इंजिन बंद करून बसतात. अचानक एवढी शांतता पसरते, की कुंपणाला लागून उभ्या पोरांचं बोलणं ऐकू येतं. माझी मुलगी कुठं आहे ते मी पाहत होतो, आणि तेवढ्यात झेंडा पडला.

पहिला फेरा मी सांगण्यासारखा केलाच नाही. नऊ किलोमीटरची वाट, दीड तासात होतील तेवढे फेरे. स्पोर्टवाले पहिल्या गवताळ चढावरच दिसेनासे झाले. सकाळच्या मोटरसायकलींनी वाटेत खोल चऱ्या पाडून ठेवलेल्या. मोटरसायकलची चरी एका चाकाची. क्वाड तिच्यात मावत नाही आणि तिच्यापासून सुटतही नाही. एक बाजूची दोन चाकं चरीत आणि दोन वर, अशी तिरकी गाडी हाकायची. पाइनच्या जंगलात मुळांवर पाऊस पडून ती साबणासारखी झालेली. गॉर्सची पिवळी काटेरी झुडपं दोन्ही बाजूंनी हातांवर ओरखडे काढत होती. ही झुडपं युरोपातून आलेल्या लोकांनी कुंपणासाठी आणली आणि मग ती डोंगरभर पसरली. मी सीटवर बसलो होतो, हँडल आवळून. दोन किलोमीटरांतच खांदे भरून आले आणि उजव्या अंगठ्यात गोळा आला. गॅस अंगठ्यानं दाबायचा असतो, आणि गाईंच्या मागं चालताना तो एवढा वेळ दाबावा लागत नाही. हात सोडून अंगठा झटकावा तर गाडी थांबते.

आणि मग तो उतार आला. आडवा, दोनशे-अडीचशे मीटरचा, उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला ओढा. इथली माणसं त्याला सायडल म्हणतात. मी थांबलो. खरोखर थांबलो, इंजिन चालू ठेवून. मागून बापलेक आले, बाजूनं वरून गेले. मग पहिल्या गिअरात, पाय खाली सोडून, जमीन चाचपत मी तो पार केला. पाय खाली सोडणं ही सगळ्यांत मोठी चूक. मागचं चाक पायावर चढतं. तेही मला माहीत होतं. माहीत असणं आणि अंगात असणं यांच्यात तो अख्खा उतार पसरला होता.

दुसऱ्या फेऱ्यात शेजारच्यांनी मला गाठलं. म्हणजे ते माझ्यापेक्षा एक फेरा पुढं होते. सायडलच्या आधी ते बाजूनं पुढं गेले, आणि पहिल्यांदाच मी त्यांना मागून नीट पाहिलं.

ते बसलेले नव्हते. त्यांचं सगळं अंग गाडीच्या उजवीकडं, डोंगराच्या बाजूला बाहेर आलेलं होतं. उजवा पाय पायरीवर वाकलेला, डावी मांडी सीटवर आडवी, कंबर पार बाहेर, छाती पुढं. गाडी तिरकी आणि माणूस सरळ. जमीन जशी बदलेल तसं ते वाहत होते. खड्डा आला की आणखी बाहेर, सपाटी आली की आत. हात मोकळे. हँडल धरलेलं नव्हतं, हातात होतं.

आणि मला कुळव दिसला.

ज्यांनी कुळव पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडाचं आडवं दिंड, त्याला खाली दोन जानवळी, त्यांच्यामधे जमीन कापणारं लोखंडी फास. पुढं बैल, मागं रुमणं धरून माणूस. जमीन कडक असली की फास वरच्यावर सरकतं, आत शिरत नाही. मग दिंडावर भार द्यावा लागतो. दगड ठेवतात, किंवा घरातलं पोर बसवतात. आमच्या घरातलं पोर मी. सात-आठ वर्षांचा असताना पेरणीआधी मला रोज भाराला बसवायचे. मी दिंडावर दोन्ही हातांनी दोर धरून बसायचो आणि धुरळा खायचो. आणि शेवटच्या पाळीला, वळणाच्या जागी, अण्णा मला उतरवून स्वतः वर चढायचे. अनवाणी. एक पाय दिंडाच्या या टोकाला, एक त्या टोकाला, हातात कासरा. जमीन डावीकडं कडक लागली की डाव्या पायावर, उजवीकडं ढेकूळ आलं की उजवा गुडघा सैल. वळताना ते सगळं अंग आतल्या बाजूला टाकायचे, आणि कुळव त्यांच्या अंगाबरोबर फिरायचा. बैलांना ओरडावं लागायचं नाही. मी बांधावर उभा राहून ते पाहायचो. मला तेव्हा वाटायचं, मी भार आहे आणि अण्णा औत हाकतात. तेही भारच होते. फक्त त्यांना माहीत होतं कुठं द्यायचा.

मी अण्णांसारखा उभा राहिलो.

शेजारच्यांसारखा नव्हे, कारण त्यांच्यासारखं मला कधी पाहायला मिळालं नव्हतं. अण्णांना मी हजार वेळा पाहिलं होतं. दोन्ही पाय पायऱ्यांवर, गुडघे सैल, आणि सायडल सुरू होताच उजव्या बाजूला सरकलो, अजून सरकलो, सीट मांडीखालून निसटेपर्यंत. खालच्या बाजूची चाकं हलकी झाली. हे हाताला कळतं. हँडलमधला ताण बदलतो. एका खड्ड्यात डावं पुढचं चाक गेलं, बरोबर तसंच जसं त्या सप्टेंबरात गेलं होतं. गाडी डुलली आणि परत आली. मी बाहेर होतो, म्हणून ती आत आली.

तिसऱ्या फेऱ्यात वळणं कळायला लागली. ही क्वाडची खोड समजून घेण्यासारखी आहे. मोटरसायकल वळताना आपण तिला झोपवतो, ती आपल्याबरोबर कलते. क्वाड कलत नाही. ती उभीच राहते आणि आपल्याला बाहेर फेकू पाहते. शिवाय या जुन्या कामाच्या गाडीचा मागचा आस एकसंध. बैलगाडीची दोन चाकं आसावर वेगवेगळी फिरतात, म्हणून गाडी सहज वळते. क्वाडची मागची दोन्ही चाकं एकाच आसाला जखडलेली, एकाच वेगानं फिरणारी, त्यामुळं हँडल वळवलं तरी ती सरळच रेटते. तिला वळवायचं तर अंग आतल्या बाजूला आणि पुढं टाकायचं, आणि नेमक्या क्षणी अंगठ्यानं थोडा गॅस देऊन मागची चाकं सरकू द्यायची. गॅस सोडला तर सरळ झुडपात. म्हणजे जिथं भीती वाटते तिथं थोडा गॅस वाढवायचा. चार वर्षं मी बरोबर उलट करत आलो होतो.

चौथ्या फेऱ्यात ओढ्याच्या काठच्या दलदलीत रुतलो. चूक माझी; चारही चाकांनी खोदलेली वाट सोडून मी हिरवं गवत पाहून बाजूनं गेलो, आणि साउथलँडमध्ये फार हिरवं गवत म्हणजे खाली पाणी. पोटापर्यंत गाडी गेली. औषधाचं कंत्राट घेणारी ती बाई मागून येत होती. ती थांबली. खिशातून पट्टा काढला, तिच्या गाडीला लावला, मला ओढून काढलं, हसली आणि निघून गेली. मी मागून ओरडलो की तुमचा नंबर गेला. तिनं मागं न पाहता हात हलवला. शेतावर असंच असतं. कुणी रुतलं तर आपण थांबतो. शर्यत आहे म्हणून ते बदलावं असं तिला वाटलंच नसावं.

पाच फेरे झाले. सातांत पाचवा. तिचा चौथा आला, आणि मला त्याचा जास्त आनंद झाला. मुलीनं माझ्या हेल्मेटवरचा चिखल बोटानं खरवडून पाहिला आणि विचारलं, "बाबा, तुम्ही उभे का होतात? सगळे बसलेले ना?" मी म्हणालो, "उभं राहायचं असतं." शेजारचे गृहस्थ लांबून सॉसेजच्या रांगेतून माझ्याकडं पाहत होते. त्यांनी मान हलवली, इतकी थोडी की दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती.

संध्याकाळी घरी गाडी धुतली. तासभर लागला. चिखल कमानीत, पायऱ्यांत, आसाभोवती गुंडाळलेला. रिळांचे आकडे परत लावले. अंगठा बाटलीचं झाकण उघडू शकत नव्हता.

नऊच्या सुमारास अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडं दुपारचा दीड, जेवून ते अंगणात लिंबाखाली बाजेवर बसलेले. आमचे बैल गेले २०१२-१३ च्या दुष्काळात. छावणीत तीन महिने ठेवले, मग चाऱ्याचं आणि पाण्याचं काही जमेना, आणि अण्णांनी ती जोडी विकली. त्यानंतर भाड्याचा ट्रॅक्टर. कुळव गोठ्याच्या आढ्याला अजून लटकतोय. काढू का असं मी मागं विचारलं होतं, तर नको म्हणाले.

मी शर्यतीचं सगळं सांगितलं. कितवा आलो ते त्यांनी विचारलं नाही. उतार कसा होता ते विचारलं. मी हातानं तिरका करून दाखवला. ते म्हणाले, "मग भार कुठल्या अंगाला दिलास?"

"डोंगराच्या."

"आन् वळताना?"

"आत."

"पाय कसं व्हतं?"

मला सांगता येईना. फोन टेबलावर टेकवून मी उठलो आणि उभं राहून दाखवलं. ते बारकाईनं पाहत राहिले. मग म्हणाले, "तसं न्हवं," आणि आईला म्हणाले, "हा धर," आणि बाजेवरून उठले. आईच्या हातात फोन गेला आणि चित्र हललं. लिंबाचं झाड, मग भिंत, मग जमीन. अण्णा आता पंच्याहत्तरीचे. गुडघे दुखतात, काठी लागते. आईचा आवाज आला, "आवं, पडाल की!" फोन तिच्या हातात खाली झुकला होता, त्यामुळं मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. फक्त पाय दिसत होते. अनवाणी, दोन हातांच्या अंतरावर, शेणानं सारवलेल्या अंगणात. डावा आधी जमिनीवर दाबला, मग उजवा गुडघा सैल सोडला, मग कंबर आतल्या बाजूला. आणि टाचा किंचित वर उचललेल्या.

"टाचा," मी म्हणालो. "टाचा टेकवायच्या नाहीत?"

"आता दिसलं का तुला," अण्णा म्हणाले, आणि ते पाय तसेच, हळूहळू, वळायला लागले.